सिमेटरीच्या फाटकावरची तोफ

ताडपत्री निघाली तसा दुमिंगकाकांनी खाडकन सॅल्यूट ठोकला. मागे उभ्या असलेल्या कमिटीनेही ठोकला. लॉरीत दोन चाकांचा एक लोखंडी गाडा होता आणि त्यातून एक जाड नळी आभाळाकडे गेली होती.

मी तेव्हा ठाण्यात बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. ओव्हरसियर म्हणजे इंजिनिअरने कागदावर काढलेलं काम जागेवर उभं राहून करून घेणारा माणूस. बाळकुमच्या बाजूला ख्रिस्ती वस्तीची जुनी सिमेटरी होती. महायुद्ध संपून थोडी वर्षं झाली होती, आणि पलटणीत गेलेल्या आपल्या माणसांचं स्मारक वस्तीला तिथे करायचं होतं. फाटकाशी नावं कोरलेला दगड, पुढे चौथरा, चौथऱ्यावर तोफ. कमिटीचे अध्यक्ष दुमिंगकाका, रिटायर्ड हवालदार. तोफेचं वजन पेलेल असा चौथरा बांधून द्या, अशी त्यांनी आमच्या साहेबांना विनंती केली आणि साहेबांनी मला धाडलं. तोफ कल्याणच्या मिलिटरी डेपोतून येणार होती.

बोल्ट कुठे पुरायचे ते मोजायला मी लॉरीवर चढलो. तोफेला मागे एक दार होतं. उघडलं. आत जाळी, जाळीखाली राख. वर झाकण, झाकणाखाली भलंमोठं पातेलं, आणि त्याच्या तळाला काहीतरी करपलेलं.

"काका, ही तोफ नाही."

"मग काय आहे?"

"चूल आहे. पलटणीमागून ओढत नेतात ती."

काकांचा हात अजून कपाळालाच होता. "हळू बोला," ते म्हणाले. "फादर ऐकतायत."

दुसऱ्या दिवशी मी कल्याणला गेलो. निम्म्या कॅम्पात निर्वासित राहायला आले होते. बराकींसमोर पापड वाळत होते. डेपोचा क्लार्क घाईत होता.

"आम्ही तोफ मागितली होती."

"तोफा द्यायला परवानगी नाही."

"मग चूल का दिलीत?"

"लॉरी रिकामी कशी पाठवायची? आणि हिला नळी आहे. जरा लांबून बघा, तोफच वाटते."

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "रविवारी कर्नलसाहेब उद्घाटनाला येतायत. आमंत्रण गेलंय."

"पण साहेब, ती चूल आहे."

"आज आहे. रविवारपर्यंत तिची तोफ करा."

खात्यात अशा हुकमाला प्रश्न विचारत नाहीत. मी चुलीला हिरवा रंग दिला. धुराडं सरळ उभं होतं, ते कापून तिरकं बसवलं, म्हणजे शत्रूवर नेम धरल्यासारखं दिसेल. राहिलं दार. ते वेल्डिंगने कायमचं बंद करायचं होतं. वेल्डरला घेऊन गेलो, तर चुलीसमोर एक म्हातारी फतकल मारून बसलेली. वस्तीतली रेजिनमाय.

"सायबा, दार बंद करू नको. माजा घरवाला पास्कल असल्याच चुलीवर व्हता. पलटनीत कुक."

"मग?"

"तिकडं वाळवंटात बाँब पडाय लागले. बाकीचे खड्ड्यात उतरले. ह्यो म्हनला, भात करपंल. ऱ्हायला चुलीपाशी. तिकडंच पुरला त्याला. हितं त्याचा क्रूस पन नाय. दगडावर नाव घाला म्हटलं, तर कमिटी नाय म्हनते."

दुमिंगकाका तिथेच होते. "रेजिन, नियम हाय. ज्यानं बंदूक धरली त्याचंच नाव."

"आनि तुमी काय धरलं, दादा?"

काका कबरींकडे निघून गेले. ते पलटणीत ब्लँकेटांच्या गोदामावर होते, हे मला मागाहून कळलं.

मी दार वेल्ड केलं नाही, नुसता बोल्ट घातला. आतून गंज काढायला दार उघडावं लागतं, असं साहेबांना सांगितलं. ते खरंच होतं. त्याहून खरं म्हणजे रेजिनमाय तिथून उठत नव्हती.

रविवारी बँड आला. तोफेला झेंडूचा हार घातला. कर्नलसाहेब उंच, शांत, मिशीवाले. फादरांनी प्रार्थना सुरू केली आणि तोफेच्या तोंडातून धूर निघाला.

बोल्ट काढायला पाना लागतो. म्हातारीने तो कुठून पैदा केला, देव जाणे. सगळे रस्त्यावर जाऊन पाहुण्यांची वाट बघत असताना तिने मागून चूल पेटवली होती, आणि प्रार्थनेच्या वेळी निखाऱ्यांवर आणखी लाकडं कोंबली. धुराड्याला ओढ लागते. नळी सरळ असली की गरम धूर वर जातो आणि जाळ पेटता राहतो. मी नळी तिरकी केली होती. ओढ मेली. धूर थोडा तोंडातून, बाकी सगळा दारातून भसकन बाहेर.

"तोफ भरलेली हाय!" कोणीतरी ओरडलं.

बँड कबरी ओलांडून पळाला. मोठा ढोल गडगडत एकटाच उतारावरून गेला. फादर दुमिंगकाकांच्या मागे लपले, काका संगमरवरी देवदूताच्या मागे. आमचे साहेब जीपखाली होते. एकटे कर्नल जागचे हलले नाहीत. मग डाळीचा वास आला.

त्यांनी चुलीला फेरी मारली, रुमालाने झाकण उचललं, आत पाहिलं.

"कोणी शिजवली?"

"मी," रेजिनमाय म्हणाली. "माजा मानूस पलटनीत ह्येच करी. तिकडंच मेला."

"नाव?"

"पास्कल."

कर्नल दगडापाशी गेले. नावं वाचली. पुन्हा वाचली. "हवालदार, यात पास्कल नाही."

काका देवदूतामागून बाहेर आले. "साहेब, तो कुक होता."

"मीही लढाईत होतो. रोज जेवत होतो. तुम्ही जेवत नव्हता?"

"जेवत होतो, साहेब." काकांनी टोपी काढली. "पास्कलच्याच हातचं."

रेजिनमायने पत्रावळी मागवल्या. कर्नल रांगेत उभे राहिले, म्हणून सगळ्यांना राहावं लागलं. डाळीला धुराचा वास होता. कोणी तक्रार केली नाही.

सोमवारी मी पाथरवटाला बोलावलं. खाली जागा उरली नव्हती, म्हणून पास्कलचं नाव सगळ्यांच्या वर आलं. ते कोरून होईपर्यंत दुमिंगकाका उन्हात उभे होते. साहेबांनी वर कळवलं, 'तोफ बसवली. चाचणी समाधानकारक.'

नोकरीत मी पुढे बरीच धुराडी बसवली. नव्या पोरांना एकच सांगायचो: नळी तिरकी करू नका. वरून हुकूमच आला, तर निदान वारा बघून साहेबांची खुर्ची धुराच्या वाटेत मांडा.