माझे रिपोर्ट ताईशी जुळले होते

माझी ताई आज पहाटे गेली. तिला वाचवू शकणारी किडनी माझ्याकडे होती.

नवरा सोडून हे मी बरीच वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. आज लिहिते, नाहीतर कधीच लिहिणार नाही.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, कल्पना. अंबरनाथला बुवापाड्यात राहायची. चार वर्षं डायलिसिसवर. मंगळवार, गुरुवार, शनिवार.
दिवसाला फक्त पाऊण लिटर पाणी प्यायची परवानगी. त्यातच चहा, त्यातच डाळ, त्यातच गोळ्या गिळायचं पाणी.

मी उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये साडीच्या दुकानात कामाला. आमची सुट्टी मंगळवारी, म्हणून मंगळवारी तिच्यासोबत मी जायचे. बाकी दोन दिवस भाऊजी, फॅक्टरीतली शिफ्ट बदलून.

रोज सकाळी दिवा लावून ती देवाकडे एकच मागायची. "आजचं पाणी गोड लागू दे."

मी चिडायचे. "मागायचंच तर किडनी माग ना!"

"ती नाही मिळाली तर मी देवावर रुसून बसेन गं. पाणी रोज मिळतं. रोज थँक्यू म्हणता येतं."



तिचा आजार निघाल्यावर वर्षभरात माझ्या टेस्ट झाल्या होत्या. भाऊजींना शुगर, आई-बाबा नाहीत, उरले मी. रिपोर्ट जुळले.
नवरा म्हणाला, "तू ठरव. मी आहे."
म्हणजे ज्याच्यावर ढकलावं असंही कुणी नव्हतं. मुलं लहान होती हे खरं, पण घाबरले मी.

ताईला फोन केला. "नाही जुळले गं."
"असू दे. जेवलीस का?"

मग गेल्या वर्षीचा एक मंगळवार.

शनिवारनंतर थेट मंगळवार, म्हणजे मोठा गॅप. तिच्या अंगात पाणी साठलेलं, पाय सुजलेले. उल्हासनगरच्या आमच्या नेहमीच्या सेंटरवर पोचलो तर शटर अर्धं खाली. मशीनचं पाणी शुद्ध करणारा प्लांटच बंद पडलेला.
"उद्या या."

ताईला एका दमात एक वाक्य बोलता येत नव्हतं. उद्या कुठला?

बदलापूरच्या एका सेंटरला फोन लावला. "मशीन सगळ्या फुल आहेत. पण घेऊन या, बघू." ॲम्ब्युलन्सला अर्धा तास लागणार होता, म्हणून रिक्षा केली.

कॅम्पातून बाहेर पडायच्या आतच ट्रॅफिक. पुढे टेम्पो, मागे टेम्पो, सगळ्यांत जीन्सचे गठ्ठे. मी रिक्षावाल्यावर ओरडतेय, तो हॉर्न वाजवतोय. ताईचे ओठ निळसर दिसायला लागले.

आणि ती म्हणाली, "सुमे... वास बघ."

बाजूच्या हातगाडीवर एक बाई पकवान, म्हणजे सिंध्यांच्या कडक पुऱ्या, तळत होती.

"कसला मस्त... खरपूस."

माझं डोकंच फिरलं. "ताई, जीव जायची वेळ आलीय आणि तुला पकवान सुचतंय?"

"मग कधी... सुचायचं?"

मी रडायला लागले. आणि तोंडातून निघून गेलं.
"ताई, रिपोर्ट जुळले होते. मी खोटं बोलले तुझ्याशी."

रिक्षावाल्याने हॉर्नवरचा हात काढला.

ताईने माझं मनगट धरलं. "माहितीय. हॉस्पिटलमधून मलाच... फोन आला होता. बहीण पुढच्या टेस्टला... कधी येतेय म्हणून."

"इतकी वर्षं माहितीय? मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर... तू यायची बंद झाली असतीस."
दम घ्यायला थांबली.
"मंगळवारी तू येतेस. आपण गप्पा मारतो. मला ते... घालवायचं नव्हतं."

बदलापूरला पोचलो तेव्हा तिला उतरवायला तिघं लागले. एकही मशीन रिकामी नव्हती. टेक्निशियनने ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना बोलावलं. मी नुसती एका बेडवरून दुसऱ्या बेडवर बघत होते. कुणाला काय म्हणून सांगणार, उठा?

कोपऱ्यातल्या मशीनवरचे एक सिंधी काका स्वतःच बोलले. त्यांचे चार तास पुरे व्हायचे होते. "मेरा ढाई घंटा हो गया. बेटी को लगाओ."
डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि मान डोलावली.

मशीन धुऊन तयार व्हायला अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मी देवाला नाही नाही ते कबूल केलं.

वाचली.

काका जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले. मला त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही. ओळख ना पाळख, आणि त्यांना ठरवायला दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती.

दुसऱ्याच आठवड्यात मी डॉक्टरांसमोर जाऊन बसले. "आता घ्या माझी किडनी."
परत सगळ्या टेस्ट झाल्या. माझ्या ठीक होत्या. पण ताईचं हार्ट आता एवढं मोठं ऑपरेशन झेपण्यासारखं उरलं नव्हतं.

हे तिला मीच सांगितलं.
ती म्हणाली, "विचारलंस ना? झालं मग. आता मंगळवारी तोंड पाडून यायचं नाही."

त्यानंतर दर मंगळवारी मी मोबाईल पर्समध्ये ठेवून तिच्याजवळ नुसती बसायला लागले. दुपारी खिडकीतून ऊन यायचं, तिच्या गार पायांवर पडायचं. "पडदा ओढू नकोस गं, बरं वाटतंय." आम्ही दोघी त्या उन्हाकडे बघत बसायचो. देवाकडे काही न मागता हात जोडता येतात, हे मला चाळिशीला आल्यावर तिथे कळलं.

आज पहाटे ती झोपेतच गेली. भाऊजी म्हणाले, चेहरा शांत होता.

प्लीज, कमेंटमध्ये "तुझी चूक नव्हती" असं लिहू नका. होती. ताईला ती माहीत होती, आणि तरी मी गल्लीच्या तोंडाशी दिसले की ती अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशी ओरडायची, "आली बघा माझी सुमी!"

आज दुपारी चार वाजता तिला घरून नेणार आहोत. ज्यांना जमेल त्यांनी या.

ताई, घाई करू नकोस. निघालेय मी, पोचतेच.