मागचा बाण

चिखलात धान रोवता-रोवता शोभाताई शिकल्या आणि पवनीजवळच्या शाळेत मास्तरीण झाल्या. एक दिवस शहरातले प्रशिक्षक संगणकासारखा विचार शिकवणारा खेळ घेऊन शाळेत आले. बाणांच्या चिठ्ठ्या क्रमानं मांडायच्या आणि बाहुलीकडून शेतात धान रोवून घ्यायचं.

चौथीतल्या रेणूनं मांडलं: रोप लाव, एक पाऊल मागं, पुन्हा तेच.

प्रशिक्षकांनी हातातलं छापील उत्तर पाहिलं आणि तिच्या मांडणीवर लाल फुली मारली. "पुढं जायचं असतं, बाळ. जरा डोकं वापर!"

रेणूचे डोळे भरले आणि शोभाताईंचं टाळकं सटकलं.

"साहेब, चिखलात उतरले काय कधी? पुढं चाललं तं लावलेलं रोप पायाखाली तुडवल्या जाते! हे पोट्टी दरसाल मायसंग रोवणीले जाते."

त्यांनी साहेबांचा पेन हिसकला आणि छापील उत्तरावरच फुली मारली.

"आता तुमी वापरा डोकं!"