हॅलिफॅक्स ते सोलापूर, पंधरा तास

अण्णांना मी खोटा टाइम सांगितला.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. आता सांगून टाकते, नाहीतर वेड लागेल मला.

मी कॅनडात, हॅलिफॅक्सला. अण्णा सोलापुरात, सात रस्त्याजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये. न्यूमोनिया.
दादाचा फोन आला, "सुमे, निघ. आत्ताच्या आत्ता निघ."

वेडपटासारखं पहिलं काय केलं, तर एका वेबसाइटवर दोन गावांची नावं टाकली.
अंतर जवळजवळ बारा हजार किलोमीटर. फ्लाइट टाइम पंधरा तास.

तेवढ्यात दादाने व्हिडिओ कॉल अण्णांसमोर धरला. त्यांनी मास्क बाजूला केला.
"कंदी पोचतीस?"
"पंधरा तासांत, अण्णा."

अण्णा म्हणजे बसस्टँडवरचे जुने कंट्रोलर. आयुष्य गाड्यांच्या टाइमात गेलं. लगेच विचारलं,
"मधी कुटं बदलायचं हाय का?"

तोवर तिकिटं उघडली होती मी. टोरँटो, मग फ्रँकफर्ट, मग मुंबई. पुढे गाडीने सोलापूर. सदतीस तास.
वेबसाइटने नुसती नकाशावर सरळ रेघ मारली होती. त्या रेघेवरून जाणारं विमानच नाही.
दिसत होतं मला. सगळं दिसत होतं.

पण त्यांचा चेहरा एवढासा झाला होता हो.

"न्हाय अण्णा. डायरेक्ट हाय."
"मग झालं की!" म्हणाले. हसले.

पुढचं दादाने नंतर सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, व्हेंटिलेटर लावू या. नळी घातली की बोलता येणार नाही.
अण्णांनी हात आडवा धरला. "पंधरा तास थांबा. पोरगी येतीय, डायरेक्ट. तिच्यासंगं बोलतो, मग घाला काय घालायचं ते."
दादा पाया पडला. ऐकतील तर अण्णा कसले!

पंधरा तास झाले.
"लेट आसंल. आजून तासभर बघू."
मग अजून तासभर.

तेव्हा मी फ्रँकफर्टला बसले होते. वाय-फाय होतं. दादाचे चार मिस्ड कॉल होते.
फोन केला तर अण्णा विचारतील, कुटं पोचलीस? म्हणून नाही केला. इतकी भित्री मी.

अठराव्या तासाला त्यांची शुद्ध गेली. मग दादाने सही केली, नळी घातली. उशीर झाला होता.

मुंबईत उतरले तर मेसेज. "अण्णा गेले. सावकाश ये."

डॉक्टरांना नंतर विचारलं, नळी आधी घातली असती तर?
"सांगता येत नाही," म्हणाले.
वर्षभर झोपेतसुद्धा तेवढंच ऐकू येतं.

आणि आमचा दादा! अजून सगळ्यांना सांगत फिरतो, सुमीचं विमान लेट झालं, तिची काय चूक? मोडनिंबच्या आत्या म्हणाल्या, पोरगी वेळेवर निघालीच नसंल. तर त्यांच्याशी बोलणं टाकलं त्याने. माझ्यासाठी.

दादा, एकही विमान लेट नव्हतं.

शंभरदा फोन हातात घेतला. तुझा आवाज ऐकला की तोंडच उघडत नाही. म्हणून इथे, सगळ्यांदेखत लिहितेय.
शिव्या घाल. बोलू नकोस माझ्याशी. पण आत्यांकडे जाऊन ये.

अण्णा, तुम्हाला काय बोलायचं होतं ते आता मला कधीच कळणार नाही.
नमस्कार करते. माझी वाट बघू नका.