मिशमिशने चाटलेलं दही

“भीतीला बाजूच्या सीटवर बसवावं, पण स्टेअरिंग तिच्या हातात देऊ नये,” असं खिजरभाई येताजाता म्हणायचे. नव्या ड्रायव्हरला सांगायचे, गावी फोन लावला की बायकोला म्हणजे मसूदालाही सांगायचे. ऐकणाऱ्याला वाटे, काय धीराचा माणूस. पण ज्याच्या घरात साप निघतो, त्याच्याच तोंडी सापाच्या गोष्टी जास्त. खिजरभाई जन्माचे भित्रे.

म्हसळ्याजवळच्या खेड्यातला हा माणूस बहारीनला आला तेव्हा मिशी काळीभोर होती. आधी मासळीची गाडी चालवली, मग जुफैरमधल्या प्राण्यांच्या दवाखान्याची. घराघरांतून कुत्री-मांजरं आणायची, बरी झाली की पोचवायची. मांजराच्या नख्यांचं त्यांना भय, आणि डोळ्यांचं त्याहून जास्त. तरी कधी कुणाच्या जनावराला ओरखडा आला नाही.

गेल्या उन्हाळ्यात सौदीच्या पुलावर त्यांचा श्वास छातीतच अडकला. दोन्हीकडे समुद्र, वर आग ओकणारं आभाळ, आणि हातपाय मात्र गार. वाटलं, कलमा पढायची वेळ आली. इस्पितळात तपासलं तर काळीज ठणठणीत. “हा भीतीचा आजार आहे,” डॉक्टर म्हणाले आणि रोज घ्यायच्या कॅप्सूल लिहून दिल्या.

श्वास मोकळा झाला, पण जुन्या भीतीच्या जागी नवी येऊन बसली. ड्रायव्हर डोक्याचं औषध खातो हे कळलं तर नोकरी जाईल. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि मग म्हसळ्याच्या बाजारातून मान खाली घालून चालायचं. विचारलंच कुणी तर सांगायचे, बीपीची गोळी आहे. मसूदालाही तेच सांगितलं होतं.

कॅप्सूल घशात अडकेल ही आणखी एक धास्ती. म्हणून डॉक्टरांना विचारून ते ती उघडत, आतले बारीक दाणे दह्यावर टाकत आणि न चावता गिळत.

त्या सकाळी ते झल्लाकहून मिशमिशला घेऊन निघाले. मिशमिश म्हणजे उम्म यूसुफ या म्हाताऱ्या बाईंची जर्दाळूच्या रंगाची मांजर. तिचा किडका दात काढायचा होता. पिंजऱ्यात तिनं असा आक्रोश मांडला की सखीरच्या रस्त्याला खिजरभाईंनी गाडी सावलीत घेतली, एसी चालू ठेवून पिंजऱ्याचं दार किलकिलं केलं. ती गप्प झाली. त्यांनी दह्याचा डबा उघडला, दाणे टाकले, आणि मनात आलं, मागच्या चाकात हवा कमी वाटतेय. ते नेहमीच वाटे. उतरून, दार लावून, चाक बघून परत आले, तर मिशमिशचं तोंड डब्यात. दही साफ. मनाला समजावलं, दहीच तर होतं. डबा फेकला, मांजर पिंजऱ्यात घातली.

दुपारी काउंटरवरची आतिका धावत मागच्या खोलीत आली. ती रत्नागिरीकडची, तोंडानं फटकळ.

“खिजरभाय, मांजरीला काय दाखवलात वाटेत? भुताटकी लागल्यासारखी करतेय.”

ते दारापर्यंत गेले. तिथूनच पाहिलं. मिशमिश टेबलावर थरथरत होती. बाहुल्या फाकून डोळे काळेभोर, तोंडातून लाळेची तार, अंग तापल्या तव्यासारखं. पुण्याच्या डॉक्टर इरावती तिच्यावर वाकल्या होत्या.

“उम्म यूसुफना फोनवर विचारलंस, घरी कुत्र्याच्या पिसवांचं औषध लावलं का? त्यानं मांजरं अशीच थरथरतात.”

“नाय म्हणतात. रडतायत. निघाल्यात तिकडून.”

“मग वेदना असेल. दुखण्याचं इंजेक्शन भर, आधी ते देऊ.”

आतिका सुई भरू लागली. खिजरभाईंनी खिशातलं कॅप्सूलचं पाकीट चाचपलं. बोललो तर आपण संपलो. नाही बोललो तर हे मुकं जनावर संपेल, आणि का संपलं ते जगात एकट्या आपल्यालाच ठाऊक असेल.

“डॉक्टर, थांबा,” ते म्हणाले. आवाज दुसऱ्याचाच वाटला. “तिनं माझी कॅप्सूल खाल्लीय. दह्यातून.” खिशातलं पाकीट त्यांनी टेबलावर ठेवलं.

“तुमची ती बीपीची?” आतिकानं विचारलं.

“बीपीची नाय. भीतीची.”

डॉक्टरांनी पाकीट वाचलं आणि आतिकाच्या हातातली सुई काढून घेतली.

“मेंदूत सेरोटोनिन म्हणून एक रसायन असतं. तुमची कॅप्सूल ते वाढवते. तुम्हाला तेवढं बरं, हिच्या एवढ्याशा देहाला ते विष. आणि हे दुखण्याचं इंजेक्शनही तेच वाढवतं. दिलं असतं तर आगीत तेल पडलं असतं.”

“मग आता?” खिजरभाईंनी विचारलं.

“उतारा आहे, सायप्रोहेप्टाडिन. पण आपल्याकडच्या गोळ्या संपल्यात.”

“थांबा, हे नाव मी बाटलीवर वाचलंय,” आतिका म्हणाली. “आमच्या लाईबाचं भुकेचं सिरप. पोरगी जेवत नाय म्हणून अम्मीनं गावावरनं पाठवलंय.”

कोकणातून येणाऱ्या बॅगेत सुकट, कोकमं आणि पोरांच्या भुकेची बाटली असायचीच. आतिकाचं घर मागच्याच गल्लीत. ती धावत गेली, धापा टाकत आली. डॉक्टरांनी लेबल शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं, मांजरीला घातक काही नाही ना पाहिलं, मोजून औषध ओढलं आणि गालाच्या कडेनं थेंबाथेंबानं सोडलं.

“मुळात हे ॲलर्जीचं औषध,” त्या हळूच म्हणाल्या. “हिस्टामिनला अडवतं. पण सेरोटोनिनलाही अडवतं. म्हणून पोरांना भूक लागते, आणि म्हणूनच हिला उतारा.”

खोलीत अंधार केला, सलाइन लावलं, ओली फडकी ठेवली. खिजरभाई कोपऱ्यात उकिडवे बसले. थरथर थांबली की त्यांना वाटे मेली, सुरू झाली की वाटे मरतेय. उन्हं कलली तशा बाहुल्या आवळल्या, अंग निवलं. मिशमिशनं मान उचलून आतिकाचा हात हुंगला.

“लागली भूक,” आतिका म्हणाली. “आता म्हातारीचं घरदार खाईल.”

खिजरभाईंना हसू आलं नाही. बाहेर उम्म यूसुफची गाडी थांबली होती.

“मी सांगते की वाटेत काहीतरी पोटात गेलं,” डॉक्टर म्हणाल्या. “कॅप्सूल कुणाची, ते सांगायची सक्ती नाही. नोकरीचं मात्र माझ्या हातात नाही.”

“कुणाची, हे त्या विचारणारच. आणि पिंजरा मी उघडला होता,” खिजरभाई म्हणाले. “मीच सांगतो.”

त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. कॅप्सूलचं पाकीट उचलून हातात उघडंच धरलं. काचेचं दार ढकलून ते उन्हात उतरले, अर्ध्या वाटेत एकदा थबकले, आणि पुन्हा गाडीकडे चालू लागले. काचेआडून आतिका त्यांच्याकडे बघत राहिली. काउंटरवरचा फोन वाजत होता, तो तिनं उचलला नाही.