प्रेत वर कोणी आणले?

गावाने ज्याला प्रेत काढायला विहिरीत उतरवले, त्याच्या सदऱ्यावरचे रक्त हा त्यानेच खून केल्याचा पुरावा ठरतो का? या एका प्रश्नासाठी मी माझ्या थोरल्या भावाच्या खटल्याचे सगळे कागद वाचले. मी प्राथमिक शाळेत शिकवते. आधी उत्तर आणि मग रीत, असे मी मुलांनाही करू देत नाही. म्हणून घडले त्या क्रमाने सांगते.

आमचे गाव वडूजपासून एसटीने अर्ध्या तासावर. उन्हाळ्याचे दिवस. कोरड्या विहिरीच्या तळाशी गावातल्या एका बड्या बागायतदाराचे प्रेत सापडले. डोके फुटलेले. हवालदाराने मला शाळेतून बोलावून घेतले.

"बाई, तुमचं अक्षर चांगलं हाय. मी सांगतो, तुमी लिवा."

मी पोचले तेव्हा प्रेत वर आले होते. दादा, म्हणजे माझा भाऊ, लांब एका बाजूला उभा होता. त्यानेच ते पाठीशी बांधून वर आणले होते. मढे काढण्याचे काम आमच्या घराचे. कोणी ठरवले, केव्हा ठरवले, हे विचारायची सोय नव्हती. त्याचा सदरा खांद्यापासून कमरेपर्यंत माखला होता.

हवालदाराने कोरे कागद मयताच्या धाकट्या भावाकडे दिले, मला द्यायला. गाव त्याला अण्णा म्हणते. अण्णाने ते माझ्या हातात दिले नाहीत. जमिनीवर ठेवले. उडू नयेत म्हणून वर दगड ठेवला.

"उचल. लिव."

त्याचा नातू माझ्या वर्गात होता. सख्खा भाऊ समोर मरून पडलेला, आणि त्याही घडीला त्याला शिवाशिव आठवत होती. मी वाकले. दगड बाजूला केला. कागद उचलले.

हवालदार सांगत गेला, मी लिहीत गेले. जागा, दिशा, जखमा. मग मी विचारले, "प्रेत वर कोणी आणलं, ते नाव कुठं घालू?"

अण्णा म्हणाला, "नाव कशाला घालतीस? मग दोराचंबी घाल. बादलीचंबी घाल."

लोक हसले. प्रेताशेजारी उभे राहून हसले.

"बाई, 'गावकऱ्यांच्या मदतीने' असं लिवा," हवालदार म्हणाला. "झालं काम."

मी तसे लिहिले. वळणदार अक्षरात, समास सोडून. ज्यांना पाणवठ्यावर कधी गावकरी म्हटले नाही, ते त्या कागदावर गावकरी झाले, आणि माझ्या भावाचे नाव मी माझ्या हाताने गाळले. ते अक्षर आज समोर आले की तोंडाला कडू पाणी सुटते.

तिसऱ्या दिवशी दादाला अटक झाली. सरकार पक्षाने तीन गोष्टी मांडल्या. मयताच्या मुलाच्या वरातीत हलगी वाजवायला दादाने नकार दिला होता आणि त्यावरून चावडीपुढे शिवीगाळ झाली होती, हा हेतू. आमच्या परड्यातली कुऱ्हाड. तिच्यावर रक्त मिळाले नाही. आणि सदरा. मढे काढलेला कपडा तिसऱ्या दिवसापर्यंत उंबऱ्याच्या आत आणायचा नाही, ही आमच्या घरची रीत. म्हणून दादाने तो मागच्या कुंपणावर टाकला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. जप्तीच्या कागदात शब्द आले, 'काट्याकुट्यात लपवून ठेवलेला'. त्यावरचे रक्त मयताचेच निघाले. ते दुसऱ्या कोणाचे निघणार होते?

दादाने कोर्टात सांगितले की प्रेत त्यानेच वर काढले. सरकारी वकिलाने माझाच पंचनामा वाचून दाखवला. त्यात दादाचे नाव नव्हते. आमच्या वकिलाने मला साक्षीला बोलावले नाही. म्हणाला, "तुम्ही आरोपीची बहीण. त्यातून कागद तुमच्याच हातचा." जन्मठेप झाली.

अपिलासाठी मी सांगलीच्या एका नावाजलेल्या वकिलाकडे गेले. त्यांनी निकालपत्राची शेवटची दोन पाने चाळली.

"बाई, असं करू. भांडण झालं, रागाच्या भरात हात उठला, असं मांडू. शिक्षा कमी होईल. तुमच्या लोकांत असं चालतंच. कोर्टालाही पटेल."

हे त्यांनी दयेने सांगितले. दगडाखालच्या कागदापेक्षा मला त्या दयेची किळस अधिक आली.

तरीही मी तुरुंगात जाऊन दादाला विचारले. त्याने जाळीपलीकडून माझ्याकडे पाहिले.

"म्या मारलं न्हाई. मग थोडं मारलं, असं कसं म्हनू? लय शिकलीस की गं तू. वाच की कागदं."

सांगलीच्या वकिलांकडून मी फाइल परत घेतली. ते म्हणाले, "पस्तावाल." मी म्हणाले, "पस्तावून झालंय माझं, साहेब. विहिरीवरच."

आता मी आटपाडी तालुक्यात शिकवते. सुट्टीच्या दिवशी शाळेचे कुलूप उघडून, फळ्यासमोर बसून साक्षी वाचल्या. अपिलात सहसा नवे काही सांगता येत नाही. जे नोंदले गेले तेवढेच तोलले जाते. अण्णाच्या उलटतपासात आमच्या वकिलाने सहज विचारले होते, तुम्ही स्वतः विहिरीत उतरलात का? उत्तर नोंदलेले आहे: "नाही. आमच्यात कोणी प्रेताला हात लावायला उतरत नाही. त्यासाठी आम्ही आरोपीस बोलावले. त्यानेच पाठीशी बांधून वर आणले."

आपल्याला कोणी मढे उचलणारा समजू नये, एवढ्याचसाठी त्याने शपथेवर खरे सांगितले होते. निकालपत्रात या उत्तराचा उल्लेख नाही. एका शब्दाचाही नाही. ते वाचून मला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीही किळस आली. आमच्याबद्दल त्याला वाटणारी घाण माझ्या भावाच्या सुटकेचा आधार झाली होती.

साताऱ्याच्या एका तरुण वकील बाईंनी त्याच उत्तरावर अपील उभे केले आहे. ते दाखल झाले. दादा अजून आत आहे. आम्ही दया मागितलेली नाही, शिक्षेत सूटही नाही. हेतू म्हणजे एक नकार, कुऱ्हाड कोरी, आणि रक्ताचा खुलासा सरकार पक्षाच्याच साक्षीदाराच्या तोंडून. एवढ्यावर जन्मठेप टिकते का, एवढेच विचारले आहे. अपील फेटाळले तर वरच्या न्यायालयात हेच विचारीन. रागाच्या भरात घडले, असे एकही वाक्य माझ्या घरातून जाणार नाही.

पंचनामा, अण्णाची साक्ष आणि निकालपत्र यांच्या प्रमाणित प्रती माझ्याकडे आहेत. मी आरोपीची बहीण आहे. माझ्या सांगण्यावर विसंबू नका. या, आणि कागद स्वतः तपासा.