राखेतले वाल

सहावीच्या वर्गाला मी दरवर्षी शिकवते, की प्राचीन माणसं धान्य राखेत घोळून मडक्यात भरायची, म्हणजे कीड लागत नसे. फळ्यावर मडकंसुद्धा काढते, बऱ्यापैकी.

आणि गेल्या शुक्रवारी आमच्या फ्लॅटच्या माळ्यावर पत्र्याचा एक डबा सापडला. झाकण काढलं तर आत राख! राखेत वाल. अरे देवा, सासूबाईंचं डोकं फिरलं की काय? घरात गॅस, मग राख आली कुठून? त्या नणंदेकडे त्र्यंबकला गेलेल्या. फोन करून विचारावं, एवढा धीर कुठला मला! सात पाण्यांनी वाल धुतले, भिजवले, मोड आणले आणि रविवारी त्या परत आल्या तेव्हा झकास उसळ वाढली. म्हटलं, खूश होतील.

पहिला घास घेऊन त्या थांबल्या. "वाल कुठनं आणले गं?"

"तुमच्याच डब्यातले. राखेनं बरबटले होते नुसते."

"सगळे केले?"

"सगळे."

"बी होतं गं ते. माझ्या सासूनं दिलेलं. दरसाल धरत आले."

मला काही सुधरेना. शेत विकून इतकी वर्षं झाली, तिथं बिल्डिंगी उभ्या राहिल्या. सोसायटीच्या कुंपणावर त्या दरवर्षी दोन वेल चढवायच्या. मला वाटायचं, वेळ जात नाही म्हणून. राख त्या खालच्या इस्त्रीवाल्याकडून आणायच्या, हेही त्यांनी आत्ता सांगितलं.

"पंचवटीतून नवं बी आणते," मी म्हटलं.

"आण. पण हे नाय मिळायचं."

मला रडू येत होतं आणि रागही. कोणाचा, ते कळेना. राखेचं मीच शिकवते ना? मग मला दिसलं कसं नाही? तशीच उठले आणि सिंकची जाळी उपसली. चहाच्या चोथ्यात, सालांमध्ये एक वाल होता. अख्खा, मोड आलेला.

"सापडला!" मी ओरडले. "ठेवा परत राखेत."

त्यांनी तो तळहातावर घेतला. "भिजलेला ठेवता येत नाय गं. मोड आलाय, आता थांबणार नाय."

गॅलरीतल्या कुंडीत त्यांनी तो लावला. ऊन मी म्हणत होतं.

"उन्हाळ्यात येतो का हो वाल?" मी विचारलं.

"नाय येत," त्या म्हणाल्या आणि पाणी घातलं.