दुखणं सांगा, टोपण मिळेल

औषधाचं कपाट उघडलं की मागची एखादी जुनी गोळ्यांची पट्टी अंगावर पडतेच. कधीची, कशाची, कुणी आणली, काही आठवत नाही. पण फेकवत नाही. किस्से असेच साठतात. मी ब्रह्मपुरीच्या या घरात गेल्या उन्हाळ्यात लग्न होऊन आले, म्हणजे अजून नवीच. तरी माझ्याकडे इतके जमलेत की दार लागत नाही. आणि खरं सांगायचं तर बहुतेक सगळे त्या कपाटातूनच निघालेत!

*

कपाट सासूबाईंचं. आई सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. अख्खं गाव त्यांना अजून सिस्टरबाईच म्हणतं. कपाटात थर्मामीटर, कापूस, मलमपट्टी, ओआरएसची पाकिटं आणि मधोमध, बामाच्या बाटलीशेजारी, ब्रांडी. आईंच्या मते ती दारू नाही. औषध आहे. म्हणून नियमही औषधाचेच: आधी दुखणं सांगायचं, मग खोकल्याच्या औषधावर येतं ना, ते प्लास्टिकचं मापाचं टोपण, ते भरून मिळणार. दुखणं नाही, तर टोपण नाही.

थंडी पडली की बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, गुडघा दुखायला लागतो. एका संध्याकाळी त्यांनी धीर केला.

"आज दोन्ही दुखून राह्यले वो."

"बरं," म्हणत आईंनी एकच टोपण भरलं.

"गुडघे दोन आहेत ना!"

"दोन असतील. माणूस एकच आहे."

मी आत जाऊन पदर तोंडात धरून हसले. नंतर अमोलनं, माझ्या नवऱ्यानं, मला जास्तीची माहिती पुरवली. जिल्ह्यात दारूबंदी होती तेव्हा कपाटातली ती जागा रिकामी होती. "आणि त्या सगळ्या वर्षांत," तो म्हणाला, "बाबांचा गुडघा एकदाही दुखला नाही!"

*

वर्षाताई, माझी नणंद, वैनगंगेच्या पलीकडे वडशाला दिलेली. नदीपलीकडे जिल्हा बदलतो आणि तिकडे बंदी अजून आहे. जावईबापू अगदी सज्जन माणूस. तिकडे राहून कधी नियम मोडला नाही. फक्त इकडे यायला निघाले की पुलावर त्यांना खोकला सुरू होतो.

"पूल अर्धा झाला का येतेच," वर्षाताई सांगतात. "अलीकडच्या अर्ध्यात."

आईंनी त्यांना एकदा समोर बसवून छातीला कान लावल्यासारखं करून विचारलं, "जावईबापू, परत जाताना कसं राहते?"

"परत जाताना एकदम साफ, आई."

"मंग हवा इकडचीच खराब आहे," आई म्हणाल्या आणि टोपण भरलं.

*

आता माझं. मी मुळात कमी बोलते. माहेर मुलचेऱ्याचं, तिथंही शेजारच्या बंगाली काकू म्हणायच्या, ही मुलगी मासळीसारखी, नुसती बघते. इथं आल्यावर तर अजूनच कमी. कारण या घरात मला एकाच माणसाकडून एक शब्द ऐकायचा होता आणि तो काही येत नव्हता.

आई वाईट नाहीत हो. कधी टोचून बोलल्या नाहीत. पण मी केलेलं खाऊन त्या काय म्हणतात? "पोट भरलं." पुरणपोळी केली. "पोट भरलं." एकदा मन लावून सांबारवडी केली, कोथिंबीर निवडण्यात दुपार गेली. आईंनी एक खाल्ली, हात धुतला आणि म्हणाल्या, "भूक लागली होती."

दुसऱ्यांदा त्या काही घेतच नाहीत. वाढायला गेलं की ताटावर हात आडवा. आणि आजारीही पडत नाहीत. "आजारी पडाले मले टाइम कुठी आहे?" म्हणजे त्यांना पेज करून देऊन मर्जी मिळवायची, तीही सोय नाही!

मी अमोलला विचारलं, "आईंना आवडलं हे कळतं कसं?"

तो म्हणाला, "मी एकतीस वर्षांचा आहे. कळलं की तुलाही सांगीन."

*

मग संत्री आली. काटोलकडच्या एका मित्रानं अमोलला दोन पेट्या पाठवल्या. दिसायला सुरेख, खायला अशी आंबट की बाबांनी एक फोड तोंडात टाकली आणि एक डोळा मिटून बसून राहिले. शेजारी वाटून पाहिली. शेजाऱ्यांनी परत वाटून दिली. आईंना अन्न वाया गेलेलं सहन होत नाही. रोज पेट्यांजवळ उभ्या राहून म्हणायच्या, "काय करावं वो याईचं?"

मला माहीत होतं काय करावं. नागपूरला होस्टेलला माझी रूममेट हॉटेल मॅनेजमेंटची होती. परीक्षेच्या तयारीत तिनं मला साइडकार नावाचं कॉकटेल पाजलं होतं. ब्रांडी, संत्र्याच्या सालीचा गोड अर्क, लिंबू, बर्फ. बस. पण ब्रांडी कुठं आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

दोन दिवस मनात घोकून शेवटी कपाटापुढे उभी राहिले.

"आई, थोडी ब्रांडी पाहिजे होती."

"काय होऊन राह्यलं तुले?"

खोटं सुचलंच नाही. "काही नाही. मला साइडकार करायचंय."

आईंनी चष्मा वर केला. "हा कोणता आजार आहे?"

मागून बाबा म्हणाले, "कोणताही असो, मलेही झाला आहे!"

मी सगळं सांगितलं. आईंनी डॉक्टरचं ऐकावं तसं ऐकून घेतलं. किती ब्रांडी, किती लिंबू, साली किती दिवस मुरणार, उन्हात का सावलीत. मग बाटलीच काढून माझ्या हातात दिली. "संत्री वाया जाऊन राह्यली म्हणून देतो. येत्या रविवारी वर्षा येते, तेव्हा कर. पण बिघडलं, तं बाटली परत कपाटात आन् राह्यलेल्या संत्र्याचं लोणचं. वर्षभर तेच खाजो."

हातात बाटली धरून नवी सून स्वयंपाकघरात उभी! आमच्या मुलचेऱ्याच्या आजीनं पाहिलं असतं तर तिनं मला ओळखच दाखवली नसती.

*

सालीचा पांढरा भाग काढला, नुसती नारिंगी पापुद्र्यासारखी साल ब्रांडीत आणि साखरेत घालून बरणी खिडकीत ठेवली. शेजारच्या कुंदाबाई दुपारी निवडटिपण घेऊन येतात. त्यांचं आणि आईंचं एका शेवग्याच्या फांदीवरून कायमचं वाजलेलं. झाड आमचं, फांदी त्यांच्या अंगणात, कचरा कुणाचा, असा तो प्रश्न.

मी आत होते तेवढ्यात कुंदाबाईंनी बरणी उघडून चमचाभर चाखलीसुद्धा. "मुरांबा पातळ झाला वो तुहा. पण चांगला आहे!"

मी घाईनं सांगितलं, त्यात ब्रांडी आहे म्हणून. त्यांनी चमच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजे औषधच ना? सिस्टरबाईच्या घरचं म्हटल्यावर!" आणि चमचा पुन्हा चाटूनपुसून घेतला.

जाताना फाटकातून वळल्या. "सिस्टरबाई, ते फांदी राहू द्या. सावली चांगली पडते."

आई ओसरीवर होत्या. त्या आत आल्या, बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"किती दिलं तिले?"

"मी नाही दिलं, त्यांनीच घेतलं. एक चमचा."

"रोज देत जा."

*

हलवायला शेकर नव्हता. अमोल म्हणाला, फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा आहे ना, लोणी काढल्यासारखं हलवायचं. शुक्रवारी तालीम ठेवली. अमोलनं बर्फासकट डबा खांद्यावर घेऊन असा हलवला, जणू घरात वाघ शिरलाय आणि त्याला पळवायचंय. झाकण उडालं आणि सगळं बाबांच्या स्वेटरवर!

मला रडूच आलं. अर्धा अर्क गेला, रविवार तोंडावर. मी स्वेटर भिजवायला मागितला तर बाबा देईनात. बाही नाकाजवळ नेऊन म्हणाले, "राहू दे पल्लवी. वाळला का धू."

आई दारातून पाहत होत्या. नंतर डब्याच्या झाकणावर रबरी रिंग बसवलेली मला दिसली. कुकरची जुनी रिंग, कापून.

*

रविवारी अंगणात शेकोटी पेटवली. ग्लासांच्या काठाला लिंबू फिरवून साखर लावली, रूममेट लावायची तशी. मांडून ठेवले आणि बर्फ आणायला आत गेले. परत येते तर जावईबापू खिशातला रुमाल काढून एकेक ग्लासाचा काठ मन लावून पुसतायत!

"वहिनी, धुतल्यावर साखर राहून गेली होती वाटते. होते असं घाईत. मी कोणाले सांगत नाई."

वर्षाताईंनी कपाळाला हात लावला. मी दुसरी साखर आणली.

मग आईंनी खुर्ची ओढली. नियम म्हणजे नियम, नाव कॉकटेल असलं तरी आत औषधच. एकेकानं पुढं यायचं.

बाबा: "गुडघा." मंजूर.

जावईबापू नुसते खोकले. मंजूर.

अमोल: "खांदा. शुक्रवारपासून." मंजूर.

वर्षाताई: "मले सासुरवास आहे."

जावईबापू दचकले. आई म्हणाल्या, "जुनं दुखणं आहे," आणि मंजूर!

"आणि पल्लवी?" अमोलनं विचारलं.

"तिले तपासाचं काम नाई," आई म्हणाल्या. "ते कंपाउंडर आहे."

दोन टोपणं ब्रांडी, एक अर्क, एक लिंबू, अशा हिशेबानं मी डबा भरला. झाकण घट्ट लावलं. आता मीच हलवला, दोन्ही हातांनी, स्टील गार होऊन बोटं बधिर होईपर्यंत. रबरी रिंग जागची हलली नाही. ओतलं. शेकोटीच्या उजेडात ते मधासारखं दिसत होतं. सगळ्यांनी उचललं आणि तोंडाला लावलं. माझ्या डोळ्यांसमोर वर्षभराचं लोणचं.

बाबांनी डोळे मिटले. या खेपेला दोन्ही. "मायबाप!" एवढंच म्हणाले. वर्षाताईंनी काठावरची साखर चाटली. जावईबापू म्हणाले, "आई, आम्ही आज मुक्काम केला तं चालते का?"

आई मात्र बाजूला, सुपात तुरीच्या शेंगा घेऊन सोलत बसलेल्या. "मले काही झालं नाई, मले कशाले," म्हणून ग्लास नाकारलेला. मी आग्रह केला नाही. डब्याच्या झाकणात थोडं उरलं होतं, तेवढं त्यांच्याजवळ ठेवून मी बर्फाचं भांडं उचलायला वळले.

सगळे आपापल्या गप्पांत. शेंगा फुटल्याचा आवाज मात्र थांबला. मग पुन्हा सुरू झाला. मी वळून पाहिलं. झाकण रिकामं.

मी वाट पाहिली. "पोट भरलं" येईल, म्हटलं. नाहीतर "तहान लागली होती."

मग मान वर न करता आई म्हणाल्या, "पल्लवी, इकडं ये. माह्या गुडघ्याले काही तरी होऊन राह्यलं."

बाबांचा ग्लास ओठांपाशी थांबला. जावईबापूंचा खोकलाही थांबला.

मी डबा उचलला. "कोणता गुडघा, आई?"

आईंनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"दोन्ही."